मणक्यांचा दाहक संधिवात पुढे कोणत्या वाटेने जाईल, हे कशावरून ठरते?

वाचकाचे पत्र : "डॉक्टरसाहेब, सादर नमस्कार. मी अठ्ठावीस वर्षांचा असून नाशिकजवळ ओझरला राहतो आणि अंबडच्या एका कारखान्यात मशीनवर काम करतो. एकविसाव्या वर्षापासून पहाटे कंबर दुखून जाग येते, उठल्यावर तासभर पाठ आखडलेली असते आणि कामाला लागलो की मोकळी होते. सहा वर्षे कुणी गादी सरकली असे सांगितले, कुणी मोटारसायकलला दोष दिला. चार महिन्यांपूर्वी एमआरआय झाला आणि अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्यांचा दाहक संधिवात, असे निदान झाले. एचएलए-बी २७ पॉझिटिव्ह आहे, सीआरपी (रक्तातील दाह दाखवणारा आकडा) २८ आहे. दुखेल त्या दिवशी गोळी घेतो. दिवसाला सात-आठ सिगारेटी होतात. रविवारी गावी द्राक्षबागेत ट्रॅक्टरवर असतो. निफाडकडे राहणाऱ्या माझ्या थोरल्या चुलत्यांची पाठ चाळिशीतच वाकली आणि आता त्यांना मान वर करून समोरच्याचा चेहराही पाहता येत नाही. माझेही तसेच होणार का? गावातले लोक म्हणतात, एकदा मान-पाठ मोडून घे, मोकळा होशील. घरी लग्नाचे बघत आहेत. थोरल्या बहिणीचीही पाठ दुखते, पण बायकांना हा आजार होत नाही असे तिला सांगितले गेले. मागच्या वर्षी माझा एक डोळा महिनाभर लाल होता, तो मात्र डोळे येण्याचाच प्रकार होता. कृपया मार्गदर्शन करावे."

प्रिय वाचक, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात प्रश्न बरेच असले, तरी त्या सगळ्यांच्या मुळाशी चुलत्यांची वाकलेली पाठ आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. चुलत्यांचे झाले तसे तुमचे होईलच असे नाही, आणि हे मी केवळ धीर देण्यासाठी म्हणत नाही. त्यांचा आजार ज्या काळात सुरू झाला असेल, त्या काळात मणक्यांचा एमआरआय आपल्याकडे सहज होत नव्हता, एक्स-रेमध्ये हाडे जुळलेली दिसेपर्यंत निदानच होत नसे आणि झाले तरी वेदनाशामक गोळ्या व व्यायाम यांपलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. तुम्हाला निदान अठ्ठाविसाव्या वर्षी मिळाले आहे. सात वर्षे वाया गेली याचे दुःख मलाही आहे, परंतु दुखणे हाडांत कायमचे उतरण्यापूर्वी ते हाती लागलेले दिसते, आणि पुढच्या वाटचालीत या एका गोष्टीचे मोल फार मोठे आहे.

हा आजार नेमके काय करतो, हे आधी समजून घ्या, म्हणजे पुढचे पटेल. ज्या ठिकाणी स्नायूबंध हाडाला चिकटतात, त्या जागी शरीराच्या प्रतिकारयंत्रणेमुळे दाह सुरू होतो. बहुतेकांत तो कंबरेखालच्या त्रिकास्थीच्या दोन सांध्यांत प्रथम येतो आणि नंतर मणक्यांच्या कडांवर चढतो. दाह ओसरताना त्या जागी नवे हाड तयार होते, आणि वर्षानुवर्षे असे होत राहिले की दोन मणक्यांमध्ये हाडाचे पूल बांधले जातात व पाठ एकसंध होते. म्हणजे येथे दोन गोष्टी आहेत : आज दुखवणारा दाह आणि उद्या ताठ करणारे हाड. त्या एकमेकींशी जोडलेल्या आहेत, पण अगदी हातात हात घालून चालत नाहीत. पाठ फारशी न दुखताही हाड वाढत राहिलेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि वर्षानुवर्षे दुखूनही मणके मोकळे राहिलेले रुग्णही पाहिले आहेत. त्यामुळे 'आज कमी दुखते, म्हणजे आजार थांबला' हा हिशेब या आजारात चालत नाही.

आता तुमचा प्रश्न. काही गोष्टी जन्माबरोबर येतात आणि त्यांवर आपला इलाज नाही. एचएलए-बी २७ हे त्यांतले पहिले. या जनुकाचा आणि या आजाराचा संबंध १९७३ साली उघड झाला, आणि तेव्हापासून लोक या एका तपासणीला भविष्यवाणी समजू लागले आहेत, हे मला योग्य वाटत नाही. बी २७ असलेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम पाचांना किंवा त्याहूनही कमी जणांना हा आजार होतो. जवळच्या नात्यात आजार असेल तर हे प्रमाण वाढते. आजार होण्याची शक्यता किती, हे या तपासणीवरून काही अंशी कळते, परंतु झालेला आजार सौम्य राहील की तीव्र होईल, हे तिच्यावरून सांगता येत नाही. आजाराच्या तीव्रतेतही आनुवंशिकतेचा वाटा आहे, हे अभ्यासांत दिसले आहे, म्हणून चुलत्यांचा इतिहास मी दुर्लक्षणार नाही. तो तुमच्या डॉक्टरांना जरूर सांगा, आणि शक्य असल्यास त्यांचे जुने एक्स-रे घेऊन जा.

दुसरी गोष्ट पुरुष असण्याची. मणक्यांत नवे हाड तयार होण्याचे प्रमाण पुरुषांत अधिक आढळते. तिसरी गोष्ट आजार सुरू झालेल्या वयाची. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेल्या आजारात खुब्याचे सांधे बिघडण्याची शक्यता जास्त असते, आणि खुबे बिघडले की चालणे, बसणे, पायऱ्या चढणे सगळेच अडते. १९९४ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी अशा रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेऊन आजार पुढे कठीण होण्याची जी लक्षणे सांगितली, त्यांत खुब्याचा संधिवात अग्रभागी होता. वेदनाशामक गोळ्यांचा फारसा गुण न येणे, रक्तातील दाहाचे प्रमाण जास्त असणे, कंबर लवकर ताठ होणे आणि बोट सॉसेजसारखे संपूर्ण सुजणे हीही त्यांतली काही. तुमचा आजार एकविसाव्या वर्षी सुरू झाला आणि पत्रात जांघेत दुखण्याचा उल्लेख नाही, या दोन्ही गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. मात्र जांघेत दुखू लागले, मांडी घालून बसणे किंवा बूट घालणे जड जाऊ लागले, तर पुढच्या नेमलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

एक्स-रेमध्ये आत्ताच हाडाचे पूल दिसत आहेत का, हे तुम्ही लिहिलेले नाही. ते विचारून घ्या, कारण पुढे नवे पूल होतील का, याचा सर्वांत भरवशाचा अंदाज आधीच्या पुलांवरून येतो. पूल नसतील तर तुमच्या हाती बरेच काही आहे. असले तरी हताश होण्याचे कारण नाही, फक्त उपचार अधिक नेटाने घ्यावे लागतील.

दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या कॅनडाच्या माजी सैनिकांचा एक जुना अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील रुग्णांना आजच्यासारखी औषधे मिळालेली नव्हती, म्हणून आजार आपल्या चालीने गेला तर काय होते हे त्यातून दिसते. पहिल्या दहा वर्षांत ज्यांची पाठ बरीच मोकळी राहिली, त्यांपैकी बहुतेकांची ती पुढेही बऱ्यापैकी राहिली. ज्यांना जड जायचे होते, त्यांचे मुख्य नुकसान याच काळात झाले. तुमची सात वर्षे झाली आहेत. म्हणून येणारी तीन-चार वर्षे मी अत्यंत महत्त्वाची मानतो, आणि म्हणूनच पुढचे थोडे कठोरपणे लिहितो.

सिगारेट बंद करा. 'कमी करतो' हे उत्तर मला नको आहे. मणक्यांच्या दाहक संधिवातात आपल्या हातात असलेल्या कारणांपैकी इतके ठळकपणे दिसलेले दुसरे कारण क्वचितच असेल. बर्लिनमधील संशोधकांनी सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांचा जो अभ्यास केला, त्यात आधीचे हाडाचे पूल, रक्तातील वाढलेला सीआरपी आणि धूम्रपान या तीन गोष्टी मणक्यांतील नुकसान वाढण्याशी जोडलेल्या आढळल्या, आणि सिगारेटी जितक्या अधिक, तितके नुकसानही अधिक दिसले. या तिन्हींपैकी सीआरपी आणि सिगारेट या दोन गोष्टी तुमच्या पत्रातच लिहिलेल्या आहेत. सिगारेटचा धूर दाह वाढवतो, औषधांचा परिणाम कमी करू शकतो, हाडे ठिसूळ करतो, आणि छातीच्या फासळ्या ताठ होऊ लागल्या की फुप्फुसांना जी थोडी जागा उरते तीही खाऊन टाकतो. सिन्नरच्या विडी कारखान्यांमुळे आपल्या जिल्ह्यात विडी-तंबाखूकडे पिढ्यान्‌पिढ्या सवयीच्या नजरेने पाहिले गेले. रुग्णाला औषध लिहून देणारा आणि विडीचा विषयही न काढणारा डॉक्टर मी माझ्या पहिल्या काही वर्षांत स्वतःच होतो, आणि त्याची खंत मला अजून वाटते. सोडणे एकट्याला जमत नसेल तर तसे डॉक्टरांना सांगा. त्यासाठी निकोटिनचे च्युइंगम आणि औषधे आहेत, आणि ती मागण्यात कमीपणा काहीच नाही.

सीआरपी २८ याचा अर्थ दाह चालू आहे. सामान्यतः हा आकडा ५ पेक्षा कमी असतो. तो एकदाच वाढलेला असेल तर त्यातून फार निष्कर्ष काढू नयेत, कारण दाताच्या दुखण्यानेही तो वाढतो, परंतु महिनोन्‌महिने वाढलेला राहिला तर त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. येथेच तुमच्या 'दुखेल त्या दिवशी गोळी' या पद्धतीविषयी बोलायला हवे. पहिल्या पायरीवर वेदनाशामक दाहरोधक गोळ्याच दिल्या जातात, आणि पुरेशा मात्रेत, ठरलेले काही आठवडे रोज घेतल्याशिवाय त्यांचा गुण आला की नाही हे कळत नाही. त्या सतत घेतल्याने हाड वाढणे थांबते का, याविषयी मात्र अभ्यासांत एकमत नाही : २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सतत गोळी घेणाऱ्यांमध्ये नुकसान कमी दिसले, तर जर्मनीतील २०१६ च्या दुसऱ्या चाचणीत तसा फायदा दिसला नाही. त्यामुळे दुखणे व ताठरपणा यांच्यासाठी त्या नियमाने घ्याव्यात, पण हाडांच्या रक्षणासाठी आयुष्यभर घेत राहाव्यात असे मी सांगणार नाही. जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांवर त्यांचा परिणाम होतो, म्हणून अधूनमधून तपासण्या हव्यात, आणि मेडिकलच्या दुकानातून दोन वेगवेगळ्या गोळ्या एकाच वेळी कधीही घेऊ नयेत.

दोन प्रकारच्या गोळ्या आळीपाळीने नियमित घेऊनही दाह आटोक्यात आला नाही, तर पुढची पायरी जैविक इंजेक्शनांची असते. टीएनएफ या दाहक द्रव्याला अडवणारी इंजेक्शने या आजारात गेली वीस वर्षे वापरली जात आहेत, आणि त्यानंतर इंटरल्यूकिन-१७ या दुसऱ्या दाहक द्रव्याला अडवणारी आली, तसेच जेएके रोधक नावाच्या गोळ्याही आल्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील अभ्यासात टीएनएफ रोधक घेणाऱ्यांच्या मणक्यांतील नुकसान वाढण्याचे प्रमाण कमी दिसले, आणि आजार सुरू होऊन दहा वर्षे उलटल्यावर ज्यांना ती सुरू झाली, त्यांच्यापेक्षा लवकर सुरू झालेल्यांना अधिक लाभ झाला. म्हणून 'इतके महाग औषध अगदी शेवटी बघू' हे धोरण मला पटत नाही. ही औषधे सुरू करण्याआधी शरीरात क्षयरोगाचे जंतू दडलेले नाहीत ना, याची तपासणी आपल्या देशात तर अनिवार्यच समजा, कारण दडलेला क्षय या औषधांनी उसळू शकतो. कावीळ बी ची तपासणीही तेव्हाच होते. खर्चाचे म्हणाल तर, यांपैकी काही औषधांच्या देशात तयार झालेल्या आवृत्त्या आल्यापासून किमती बऱ्याच उतरल्या आहेत. तुम्हाला राज्य कामगार विमा योजना लागू असेल तर कार्ड घेऊन सातपूरच्या विमा रुग्णालयात चौकशी करा. लाजून किंवा कागदपत्रांच्या कंटाळ्याने हे टाळू नका.

एक इशारा : पाठीच्या या आजारावर स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेऊ नयेत. त्यांचा मणक्यांवर फारसा उपयोग होत नाही, आणि हाडे मात्र ठिसूळ होतात. बिननावाच्या पुडीने एका रात्रीत आराम पडत असेल तर ती पुडी स्टेरॉइडची असण्याची शंका घ्या.

काम आणि हालचाल यांविषयी मी थोडे सविस्तर लिहितो, कारण बागेत आणि कारखान्यात राबणाऱ्या माणसाला 'आराम करा' असे सांगणे निरर्थक आहे आणि या आजारात ते चुकीचेही आहे. या दुखण्याला हालचाल लागते. परंतु सगळी हालचाल सारखी नसते. सतत वाकून उठण्याचे काम आणि सगळ्या अंगाला बसणारे हादरे यांचा संबंध अशा रुग्णांच्या पाठीच्या अधिक नुकसानाशी आणि वाढत्या अडचणींशी जोडला गेला आहे. फवारणीच्या दिवसांत ब्लोअर जोडलेल्या ट्रॅक्टरवर तासन्‌तास बसणे हा असाच हादऱ्यांचा प्रकार आहे, आणि ओझर ते अंबड मोटारसायकलने रोज येणे-जाणे हा दुसरा. ट्रॅक्टर दुसऱ्याकडे द्या. मांडवाखालची विरळणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणे) अशी उभ्याची कामे स्वतःकडे घ्या, पण मान वर करून अखंड तास-तास न राहता दर वीस-पंचवीस मिनिटांनी मान खाली आणून खांदे फिरवा. कारखान्यात बसची सोय असेल तर बसने जा, नसेल तर वाटेत एकदा थांबून पाच मिनिटे चाला.

व्यायाम रोजचा हवा, सणासुदीचा नको. सकाळी गरम पाण्याने अंघोळ केल्यावर पाठ मागे ताणण्याचे, छाती फुलवण्याचे आणि खुबे मोकळे ठेवण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या. दररोज पंधरा-वीस मिनिटे पालथे झोपण्याची सवय लावा. पोक टाळण्यासाठी इतका साधा आणि बिनखर्चाचा उपाय दुसरा नाही. उशी पातळ ठेवा, गादी घट्ट असू द्या. पोहणे फार चांगले, कारण त्यात पाठीला हिसका न बसता छाती आणि खांदे पूर्ण फिरतात. त्र्यंबक रस्त्यावरच्या सावरकर तरण तलावात आठवड्यातून दोनदा जाणे जमले, तर मला आनंद होईल. निफाडच्या थंडीत पाठ जास्त आखडते असे बरेच जण सांगतात आणि ते खरेही आहे, पण हाडे जुळण्याचे कारण थंडी नाही, त्यामुळे डिसेंबरात व्यायाम सोडू नका. वजन वाढू देऊ नका, कारण वजन जास्त असले की टीएनएफ रोधक औषधांचा गुण कमी येतो. आंबट, दही, भात सोडल्याने हा आजार आटोक्यात येतो, याला पुरेसा आधार नाही. एखादा पदार्थ स्वतःला बाधतो असा अनुभव असेल तर तो टाळा, पण उपासमार करून अंगातली ताकद घालवू नका.

मान-पाठ मोडून घेण्याचा सल्ला कृपया कुणाचाही ऐकू नका. या आजारात मणके एका बाजूने जुळतात आणि त्याच वेळी आतून विरळ होतात, म्हणून बाहेरून मजबूत दिसणारी पाठ साध्या पडण्यानेही मोडू शकते. मानेला दिलेला एक झटका मज्जारज्जूला इजा करून हातपाय कायमचे लुळे करू शकतो. चुलत्यांना तर कुणालाही हात लावू देऊ नका. ते कधी पडले आणि त्यानंतर मान किंवा पाठ नव्या तऱ्हेने दुखू लागली, तर एक्स-रे ठीक दिसला तरी सीटी किंवा एमआरआय केल्याशिवाय घरी आणू नका.

आता तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलेल्या डोळ्याकडे येतो. पत्रातले ते वाक्य वाचून मी सर्वांत जास्त थबकलो. डोळे येतात तेव्हा साधारणपणे दोन्ही डोळ्यांना चिकटा येतो आणि आठ-दहा दिवसांत बरे वाटते. एकच डोळा महिनाभर लाल राहणे, दुखणे आणि उजेड सहन न होणे हे बुबुळाच्या आतल्या पडद्याच्या दाहाचे, म्हणजे युव्हिआयटिसचे लक्षण असू शकते, आणि तो या आजारात साधारण चारपैकी एका रुग्णाला कधी ना कधी होतो. पुन्हा तसे झाले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा आणि 'मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे' हे आल्या आल्या सांगा. मागच्या वर्षीचा प्रसंग संधिवाततज्ज्ञांनाही कळायला हवा, कारण औषधाची निवड त्यावरून बदलते : टीएनएफ रोधकांपैकी काही डोळ्याला संरक्षण देतात आणि एटानरसेप्ट त्या बाबतीत कमी पडते. त्वचेवर सोरायसिसचे चट्टे असतील किंवा वारंवार रक्तमिश्रित जुलाब होत असतील तर तेही सांगा. आतड्याचा दाहक आजार असणाऱ्यांना इंटरल्यूकिन-१७ ची औषधे चालत नाहीत.

लग्नाविषयी माझे मत स्पष्ट आहे. मुलीला आणि तिच्या घरच्यांना निदान सांगा, औषधे सांगा आणि योग्य उपचारांत बहुतेक माणसे नोकरी, संसार, मुलेबाळे सारे करतात हेही सांगा. बी २७ जनुक प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते, परंतु जनुक मिळालेल्यांपैकीही बहुतेकांना आजार होत नाही.

बहिणीला मिळालेले उत्तर चुकीचे आहे. हा आजार स्त्रियांना होतो. त्यांच्या एक्स-रेमध्ये हाडे कमी जुळलेली दिसतात, म्हणून निदान पुरुषांपेक्षाही उशिरा होते आणि दुखणे बाळंतपणावर किंवा घरकामावर ढकलले जाते, दुखते मात्र तितकेच किंवा अधिक. तिचे दुखणे चाळिशीच्या आत हळूहळू सुरू झाले का, पहाटे जागे करते का, बसून राहिल्याने वाढते आणि चालल्याने कमी होते का, हे तिला विचारा. उत्तर 'होय' असेल तर पुढच्या भेटीला तिलाही बरोबर घेऊन जा.

त्या भेटीआधी एक मोजमाप घरीच करून ठेवा. अनवाणी, टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून, हनुवटी नेहमीच्या पातळीवर ठेवून उभे राहा आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकते का ते बघा. टेकत नसेल तर मधले अंतर बहिणीकडून सेंटिमीटरमध्ये मोजून घ्या. मग तिनेच छातीभोवती टेप धरून पूर्ण श्वास सोडल्यावरचा आणि पूर्ण घेतल्यावरचा असे दोन आकडे घ्यावेत. तारखेसह हे तीन आकडे वहीत लिहा, दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा आणि दर भेटीला ती वही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.